खिंडीतला कॅमेरा

हिमबिबट्या माणसाच्या इच्छेने दिसत नाही. ज्याचं मन निर्मळ, त्यालाच तो दर्शन देतो, असं आमच्या चोंग-बुलाक गावात सगळे मानतात. राजधानीतल्या, बिश्केकच्या वन्यजीव संस्थेने मात्र कॅमेरा पाठवला. गावात निर्मळ मनाचं कोणी सापडलं नसावं.

कॅमेरा खिंडीतल्या खडकाला बांधायचा होता. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. जबाबदारी वनरक्षक एसेनकुलची. बर्फ पडायच्या आत बिबट्याचा फोटो आला नाही, तर कॅमेरा पलीकडच्या अक-तेरेक गावाला जाणार होता. अक-तेरेकवाल्यांनी आधीच आमचं एक कुरण घेतलं होतं, घोड्यांच्या शर्यतीतला मान घेतला होता आणि एसेनकुलची ठरत आलेली सोयरीकही घेतली होती. आता बिबट्याही त्यांचाच ठरला असता. एसेनकुलचं जेवणावरून मन उडालं.

त्याने खबरदारी म्हणून खडकाजवळ पाटी लावली : ‘येथे कॅमेरा आहे. समोरून जाऊ नये.’ तोवर कॅमेरा कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

कॅमेऱ्यातलं पहिलं कार्ड मी शाळेच्या संगणकावर उघडलं. मी भूगोल शिकवतो, गाव मला मुगालिम, म्हणजे मास्तर म्हणतं, आणि संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. सुरुवातीला मेंढ्या होत्या, बहुतेक मागून. मग झिलदिझ एजे, आमच्या सगळ्यांची ताई, नव्या सुनेला घेऊन उभी. त्यापुढे झिलदिझ एजेची जाऊ, तिच्या सुनेला घेऊन. ती सून जास्त उंच होती. शेवटी एकाने घोड्याचा जबडा उघडून धरलेला.

“मुगालिम, यात बिबट्या कुठे आहे?” एसेनकुलने विचारलं.

“घोडा आहे. दात चांगले आहेत.”

“चेष्टा करू नका. दोन-चार आठवड्यांत बर्फ पडेल.”

त्याने पाटी काढली, घरोघर जाऊन हात जोडले. लोकांनी त्याला चहा पाजला, तळलेले बोर्सोक खाऊ घातले आणि ऐकलंही. ऐकलं नाही ते फक्त गावातल्या वडीलधाऱ्या सुयुन अक्साकालने. म्हाताऱ्याला थडग्याच्या दगडावर कोरायला फोटो हवा होता. ओळखपत्रावरच्या फोटोत तो मेंढीचोर दिसत होता.

“नातवाच्या फोनवर काढा ना,” एसेनकुल म्हणाला.

“फोनमध्ये नाक मोठं येतं. मी मेल्यावर दगडावर नुसतं नाक राहील. तुझा कॅमेरा सरकारी आहे, मागे डोंगर येतो.”

“सरकारी नाही हो, संस्थेचा आहे. आणि तो बिबट्यासाठी आहे.”

“बिबट्याला थडगं बांधायचंय का?”

 अक्साकालला उलट कोण बोलणार?

दुसऱ्याच दिवशी सुयुन अक्साकाल पदकं लावून खिंडीत कॅमेऱ्यासमोरच्या खडकावर जाऊन बसला. हललं तरच फोटो निघतो, हे मी त्याला आधी सांगून पाहिलं होतं.

“फोटोत हलायचं नसतं, मुगालिम,” तो म्हणाला. “एवढं शिकून तुला हे माहीत नाही?”

तो पुतळ्यासारखा बसला. सकाळ गेली, दुपार गेली. इतका स्थिर, की कॅमेऱ्याने त्याला खडकात जमा केलं. सूर्य कलल्यावर तो खाली उतरला आणि काम झालं म्हणाला.

पहिला बर्फ पडला तेव्हा एसेनकुलने शेवटचं कार्ड आणलं. म्हातारा खडकावर चढतानाचा फोटो होता. त्यात फक्त बूट आले होते. उतरतानाचाही होता, त्यात पाठ होती. मधल्या अख्ख्या दिवसाचा एकच.

त्यात सुयुन अक्साकाल राजासारखा बसला होता. नाक योग्य मापाचं. मागे डोंगर. आणि त्याच्या डाव्या कमरेमागून एक जाड, ठिपकेदार शेपूट बाहेर आली होती. हलली होती ती शेपूट. बाकीचा बिबट्या म्हाताऱ्याच्या पाठीमागे होता.

 आम्ही अक्साकालला बोलावलं.

“तुम्हाला काही कळलं नाही?” एसेनकुलने विचारलं.

“कोणीतरी मागे श्वास घेत होतं खरं. मला वाटलं, तूच आहेस, मला उठवायला आलास. म्हणून वळून बघितलं नाही.”

फोटो बिश्केकला गेला. उत्तर सभ्य होतं. शेपटीबद्दल अभिनंदन केलं होतं. मात्र नोंदीसाठी अंगावरचे ठिपके दिसले पाहिजेत, आणि अंगाच्या जागी एक ज्येष्ठ नागरिक आहेत, असं कळवलं होतं. एसेनकुलने स्वतः कॅमेरा सोडवून, घोड्यावर लादून अक-तेरेकला पोचवला. त्यांनी त्याला जेवूनच जाण्याचा आग्रह केला. वाढायला ती सोयरीकवाली मुलगीच होती, आता तिथली सून.

सुयुन अक्साकालचा थडग्याचा दगड वसंतात नारिन शहरातून कोरून आला. कोरणाऱ्याला ती शेपूट कमरपट्ट्याचं सुटलेलं टोक वाटली, म्हणून त्याने ती गाळली.