एका कार्डावरच्या दोघी

परमुलखात थोरल्या जावेला कागदपत्रं मिळाली होती, धाकटीला नाही. म्हणून दवाखान्यात दोघींचं एकच कार्ड चालायचं. आज धाकटी तापाने फणफणली होती.

नर्सने कार्ड चाळलं. "पेनिसिलिन देतेय. कार्डावर कुठल्या औषधाचा त्रास लिहिलेला नाही."

लिहिलेला कसा असेल? कार्ड थोरलीचं, आणि तिला दगडही पचले असते. धाकटीचा मात्र गावी याच औषधाने श्वास कोंडला होता.

थोरलीने मनात हिशेब केला. खरं सांगावं तर बिऱ्हाड उचलून हद्दीबाहेर आणि गप्प राहावं तर... नर्सने कापसाने जागा पुसली, सुई उचलली.

"थांबा! कार्ड माझंय. ही माझी जाऊ. हिला ते चालत नाही!"

नर्सने सुई मागे घेतली.

"कार्ड हिचं नाही हे मला ठाऊक होतं," ती हळूच म्हणाली. "चार महिन्यांत दोन बाळंतपणं झाली या कार्डावर. मी काय दूधखुळी आहे? वाटलं, डोळेझाक केली की पुण्य लागेल."

तिने सुई खाली ठेवली. कोरं कार्ड पुढे ओढलं.

"नाव मागाहून. आधी सांगा, हिला काय काय चालत नाही?"