डीमधलं पाऊल

जिने करणाऱ्या म्हाताऱ्याच्या कारखान्यात कॅल्क्युलेटर एकच होता आणि त्यातल्या अक्षरांच्या जागा ठरलेल्या होत्या. एमध्ये खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंतची उंची. बीमध्ये जिन्याला मिळणारी जागा. सीमध्ये फळीची जाडी. आणि डीमध्ये पाऊल, म्हणजे घरातलं सगळ्यांत थकलेलं माणूस कशालाही न धरता पाय जेवढा उचलू शकतं, तेवढे सेंटिमीटर. एला डीने भागायचं, अपूर्णांक आला तर पुढचा पूर्ण आकडा घ्यायचा, तेवढ्या पायऱ्या. आकडा अक्षरात घालायच्या बटणाला म्हातारा ‘साठव’ म्हणे आणि परत काढायच्या बटणाला ‘आठव’. कॅल्क्युलेटर बंद केला तरी साठवलेलं जात नसे. या बाबतीत तो माणसांपेक्षा बरा, असं म्हाताऱ्याचं मत होतं.

पाऊल सांगताना गिऱ्हाइकं हटकून फुशारकी मारत. मग म्हातारा पट्टी घेऊन त्यांच्यापुढे खाली बसे आणि सुनावी, “माझ्याशी खोटं बोललात तर चालेल. जिन्याशी नका बोलू. तो रोज विचारणार आहे.”

पुढे त्यालाच झटका आला. उजवा पाय ओढत चालायची पाळी आली. त्याचं आखणीचं टेबल घराच्या माडीवर होतं, आणि माडीचा जिना त्याने तरुणपणी स्वतःच केलेला, जागा वाचवायच्या नादात उभाच्या उभा.

“टेबल खाली आणू की,” मुलगा म्हणाला.

“टेबल खाली आलं की मी संपलो,” म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

मुलाला जिन्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. कारखाना आता सून बघत होती. घरात नवा जिना करायचं तिने ठरवलं. अडचण फक्त डीची होती.

“एकोणीस घाल,” म्हातारा म्हणाला.

“बाबा, एकोणीस धडधाकट माणसाचं असतं.”

“मग मी कोण आहे?”

पट्टी घेऊन त्याच्यापुढे बसायची तिची हिंमत झाली नाही. तिने न्हाणीघराच्या दारात एक फळी टाकली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर आणखी एक. मग आणखी एक.

“हे काय मांडलंयस?”

“लाकूड वाळतंय.”

“न्हाणीच्या दारात?”

“तिथे वारा चांगला येतो.”

तेरा सेंटिमीटरपर्यंत त्याचा पाय फळ्यांवर नीट पडला. त्याहून वर गेल्यावर त्याला चौकट धरावी लागली. तिने डीमध्ये तेरा साठवले.

दुसऱ्या दिवशी लाकडावर खुणा करायला बसली आणि तिने एला डीने भागलं. उत्तर पंधरा. अपूर्णांकसुद्धा नाही. ते वीसच्या पुढे जायला हवं होतं. तिने ‘आठव’ दाबून डी बघितला. एकोणीस. आदल्या दुपारी कॅल्क्युलेटर म्हाताऱ्याच्या उशाशी राहिला होता.

तिला सणसणीत राग आला. इतक्या थापा मारून मिळवलेला आकडा याने एका बोटाने उडवला होता. भांडायच्या तयारीनेच ती त्याच्या दारापर्यंत गेली. तो पाठमोरा बसला होता आणि दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून पलंगावर ठेवत होता. ती आली तशी परत फिरली. डीला तिने हात लावला नाही. ई आजवर कोणी वापरला नव्हता, त्यात तेरा साठवले आणि एला ईने भागलं. बावीस पायऱ्या.

जिना थेट बैठकीच्या मध्यापर्यंत आला.

“जेवायचं टेबल कुठे ठेवायचं?” नवऱ्याने विचारलं.

“डोक्यावर,” ती म्हणाली.

जिना बसत असताना म्हातारा समोर खुर्ची टाकून बघत होता. पायरीची उंची त्याला नजरेनेच कळायची. तरी तो चकार शब्द बोलला नाही, आणि त्याचीच तिला धास्ती वाटत होती. हा आता चढायलाच नाही म्हणणार, असं ती धरून चालली होती.

कठडा बसला तसा तो उठला. ती मागे राहिली, हात पुढे करून, पण त्याला न लावता. उजवा पाय उचलला गेला, पायरीवर टेकला. मग पुढची पायरी. मध्ये तो थांबला, दम खाल्ला, निघाला. वर पोचल्यावर त्याने तळव्याने टेबलावरची धूळ पुसली आणि खुर्चीत बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते लपवायची त्याने तसदी घेतली नाही.

“कॅल्क्युलेटर आण.”

तिने आणून दिला. त्याने ‘आठव’ दाबलं आणि तिला काही न विचारता ई दाबला. तेरा. मग ‘साठव’, डी. मग ईमध्ये शून्य घातलं आणि कॅल्क्युलेटर तिच्या हातात दिला.

“पाऊल डीमध्ये जातं, सूनबाई,” तो म्हणाला. “माझंसुद्धा.”