मानाची मोजडी आणि मी

मी उजव्या पायाचा गमबूट आहे. जुना, काळा, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा. माझा डावा जोडीदार शेजारीच उभा आहे, पण तो अबोल आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना सहसा हळव्या होतात. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे, आणि तो का आला हे तुम्हाला क्रमाने सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. झाडाच्या चिकापासून केलेले रबर मुळात फार दुबळे असते. उन्हात ते चिकट होते, थंडीत तडकते. त्यात गंधक मिसळून तापवले की त्याचे लांबलांब रेणू एकमेकांना बांधले जातात, आणि मग ते ताणले, वाकवले तरी पुन्हा आपल्या आकाराला येते. अशा रबराचे तुकडे पायाच्या आकाराच्या साच्यावर चिकटवून मला भट्टीत घातले. आत सुती अस्तर लावले. खाली जाड तळवा बसवला आणि त्याला खोल खाचा पाडल्या. खाचांतून चिखल बाजूला सरकतो आणि पाय घसरत नाही. माझ्यावर नक्षी नाही. माझ्यात एकही गोष्ट नुसती दिसण्यासाठी केलेली नाही.

भाईंदर पश्चिमेच्या बाजारातल्या एका दुकानात मी दोरीला टांगलेला होतो. तिथे हौसाबाई आल्या. जवळच्या मुर्धा गावात राहणाऱ्या, भातशेती करणाऱ्या. त्यांना साखरेचा आजार होता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा ताठ धागा टेकवला होता आणि लागतंय का, असे पुन्हा पुन्हा विचारले होते. हौसाबाईंना काहीच लागले नव्हते. अशा पायाला काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळली तरी कळत नाही, आणि शेवटी बोट किंवा पाय गमवावा लागतो, असे त्यांना स्पष्ट सांगितले गेले होते. अनवाणी चिखलात उतरायचे नाही, असा हुकूम होता.

म्हणून त्या मुद्दाम संध्याकाळी दुकानात आल्या, कारण दिवसभरात पाय सुजतात. जाड सुती मोजे घालून त्यांनी मला पायात चढवले. पुढे अंगठ्यापाशी दाबून जागा पाहिली, टाच उचलते का ते पाहिले, दुकानात फेऱ्या मारल्या, पुन्हा काढून आत हात घातला आणि शिवण चाचपली. दुकानदार वैतागला. "माजी, बूट ले रही हो या बैल?" त्याने विचारले.

"बैलाला दुखा तो लाथ मारता है," हौसाबाई म्हणाल्या. "माझा पाव काय बोलता नाय."

मित्रांनो, जगात मला कोणी इतके नीट निवडले असेल असे मला वाटत नाही. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचा माझा राग तुम्हाला समजेल.

पहिल्याच लावणीला बायका हसल्या. आजवर शेतात गमबूट घालून कोणी रोपे लावली नव्हती. "गो हौसा, पोलिसान भरती झायली का गो?" एकीने विचारले.

"झायले ना," हौसाबाई वाकूनच म्हणाल्या. "माझ्या बांधावरची अळूची पानं कोण नेतं, त्याचा तपास लागलाय माझ्याकडं."

बाकीच्या मग विचारणारीलाच हसू लागल्या. त्यानंतर माझी चेष्टा झाली नाही.

खाडीकाठचा चिखल लोण्यासारखा मऊ आणि हट्टी असतो. पाय सरळ वर ओढला तर बुटाखाली पोकळी होते, तिथे हवा शिरत नाही आणि वरच्या हवेचा दाब बूट खाली धरून ठेवतो. अशा वेळी टाच जरा बाजूला फिरवायची. फट पडते, हवा आत जाते आणि मी सुटतो. हौसाबाईंना ते दोन खेपांत जमले. कितीतरी पावसाळे आम्ही असे काढले. शिंपले, काचा, बाभळीचे काटे, सगळे माझ्या तळव्याला येऊन थांबले. त्यांच्या पायाला साधा ओरखडा आला नाही. घरी आल्यावर त्या मला आधी धुवायच्या आणि मग स्वतःचे पाय धुवायच्या.

मग शेत विकले गेले. हौसाबाईंचा मुलगा विपुल जागांच्या खरेदी-विक्रीत आहे. त्याने सगळ्यांना इंद्रलोक वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये आणले आणि मला माळ्यावर, जुन्या कुकरच्या मागे टाकले. तिथे मी नुसताच पडून होतो. त्याचाही मला राग नव्हता. चिखल नाही तर गमबूट कशाला?

हौसाबाईंची एक गोष्ट सांगायची राहिली. त्या धवलारीण आहेत. आगरी लग्नात विधींची जी जुनी गाणी म्हणतात त्यांना धवले म्हणतात, आणि ती गाणाऱ्या बाईला धवलारीण. हौसाबाईंना हे गाणे सासूकडून मिळाले आणि त्याबरोबर सासूची एक रीतही मिळाली. गाण्याआधी यजमान ताटात घालून जो मान देईल, लुगडे असो, बांगड्या असोत, तो अंगावर घालूनच गाण्याला बसायचे. रंग आवडला नाही, बांगडी आवळली, तरी मान परत करायचा नाही. गाणे संपेपर्यंत उतरवायचाही नाही.

यंदाच्या पावसाळ्यात उत्तनच्या रस्त्याला एका मोकळ्या मैदानात संगीत महोत्सव ठरला. शहरातले बॅण्ड, मोठमोठे स्पीकर आणि त्यांच्या मधोमध हौसाबाईंचे धवले. नात रीमा कॉलेजात शिकते, तिनेच आयोजकांना आजीचा व्हिडिओ पाठवला होता. निमंत्रण आले तेव्हा हौसाबाईंनी ते रीमाकडून दोनदा वाचून घेतले. लग्नात आता धवलारणीला कोणी फारसे बोलवत नाही, डीजे बोलवतात. आपले गाणे आपल्याबरोबरच जाणार, असे त्या धरून चालल्या होत्या.

महोत्सवाच्या सकाळीही पाऊस थांबला नव्हता. मैदानाचे फोटो रीमाच्या फोनवर येत होते. लोक पोटरीपर्यंत चिखलात होते. हौसाबाईंनी फोटो पाहिले आणि मला माळ्यावरून काढायला सांगितले. मला खाली आणले, त्यांनी आत हात घालून पाहिले, ओल्या फडक्याने पुसले. स्टेजवरच्या सतरंजीपर्यंत बूट घालूनच जायचे, तिथे ते काढून बसायचे, असे त्यांनी ठरवले होते. साधा, बरोबर बेत होता.

विपुल आला आणि मला पाहून त्याचे तोंड वाकडे झाले. "आई, हे काय? कॅमेरे असणारेत तिथे. नाला साफ करायला आलीयस असं वाटेल."

"चिखल हाय विपुल."

"मग काय झालं? गाडी आतपर्यंत जातेय. मी आणलंय ना तुझ्यासाठी मस्त."

त्याने खोके उघडले. आत सोनेरी मोजडी होती. टिकल्या, खडे, पुढे वळलेले टोक आणि पापडासारखा पातळ तळवा. हौसाबाईंच्या जुन्या चपलेचा नंबर पाहून त्याने ती घेतली होती. ती चप्पल घेतली तेव्हा त्यांचे पाय सुजत नव्हते. मोजडी पायात शिरली, पण कातडी दोन्ही बाजूंनी फुगून वर आली. मला खालून स्पष्ट दिसत होते.

हौसाबाईंनी ती काढून बाजूला ठेवली आणि नको म्हणाल्या. इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण विपुलने काय केले ऐका. तो स्वयंपाकघरात गेला, ताट घेऊन आला, त्यात नारळ ठेवला, हळदकुंकू ठेवले, त्यावर मोजडी ठेवली आणि आईसमोर वाकला. "धवलारणीचा मान," तो हसत म्हणाला. "आता नाही म्हणून दाखव."

रीमाही हसली. तिला ते गोड वाटले. तिने फोटो काढला.

हौसाबाई हसल्या नाहीत. त्या मुलाकडे आणि मग ताटाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी नारळ कपाळाला लावला आणि मोजडी पायात घातली. सासूने दिलेली रीत त्यांनी आयुष्यात मोडली नव्हती, आणि ज्या दिवशी त्या गाण्याला पुन्हा कोणीतरी बोलावले होते त्याच दिवशी ती मोडायची त्यांची हिंमत झाली नाही. विपुलला हे माहीत होते. माहीत होते म्हणूनच त्याने ताट आणले. आईच्या श्रद्धेचा त्याने पाचरीसारखा उपयोग केला. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे.

निघताना हौसाबाईंनी हळूच मला एका पिशवीत घालून रीमाकडे दिले. गाणे झाले की लगेच बदलीन, असे सांगितले.

गाडी आतपर्यंत गेलीच नाही. फाटकापाशीच चाके रुतली. तिथून स्टेजपर्यंत हौसाबाई त्या मोजडीत चालल्या. मी त्यांच्या शेजारी, पिशवीत, रीमाच्या हातात होतो. हौसाबाईंनी हात लांबवला असता तर मी हाती आलो असतो. पहिल्या पावलाला चिखल मोजडीत शिरला. सगळीकडे पोरे नवे पांढरे बूट हातात धरून अनवाणी घसरत होती आणि त्यांना गंमत वाटत होती. त्यांचे पाय बोलत होते. खडा टोचला की ती उडी मारत होती. हौसाबाई मात्र सरळ चालल्या. त्यांना काही टोचलेच नाही, म्हणजे तसे कळलेच नाही.

स्टेजवर गालिचा अंथरला होता आणि तो मोठ्या पिनांनी ठोकला होता. ओल्या फळीतून एक पिन निम्मी वर आली होती. माझ्या तळव्यात ती अर्ध्यावर अडकली असती. मोजडीच्या तळव्यातून ती आरपार गेली, उजव्या अंगठ्यात.

आणि हौसाबाई गात राहिल्या. तंबूच्या कडेला, खुर्चीखाली ठेवलेल्या पिशवीत मी त्यांचा आवाज ऐकला. हळद लावतानाचे गाणे होते. आधी लोक बोलत होते, मग बोलायचे थांबले, मग ढोलकीवाल्याने ठेका धरला आणि चिखलात उभे असलेले सगळे त्या ठेक्यावर डोलू लागले. गाणे फार सुंदर झाले, मित्रांनो. ते मी नाकारणार नाही. पण ते मोजडीमुळे झाले नाही.

नंतर टाळ्या, मिठ्या, फोटो. प्रत्येक जण हौसाबाईंना कुठेतरी उभे करत होता. त्यांनी बूट मागितले. विपुल म्हणाला, एवढे दोन फोटो होऊ देत. रीमा कोणाला तरी व्हिडिओ पाठवत होती. पिशवीची आठवण त्या दोघांना गाडीत बसल्यावर झाली, आणि मग आता घरीच काढू, असे ठरले.

इंद्रलोकच्या दारात शेजारच्या हंसाबेन ओवाळणीचे तबक घेऊन उभ्या होत्या. हौसाबाईंनी मोजडी काढून आत पाऊल टाकले आणि हंसाबेनचा हात थांबला. "माजी," त्या म्हणाल्या, "नीचे देखो. लाल पगला पड रहा है."

पांढऱ्या फरशीवर खरेच लाल पावले उमटली होती. फक्त उजवी.

जखम लगेच धुतली, पट्टी बांधली. पण खाडीकाठचे घाण पाणी पिनेबरोबर आत गेले होते, आणि घट्ट मोजडीने त्या बोटाचा रक्तपुरवठा तासन्‌तास दाबून ठेवला होता. अंगठा सुजला, निळा झाला, मग काळा. त्या बोटात जीव उरला नाही, ते ठेवले तर विष वर चढेल, असे इस्पितळात सांगितले. अंगठा काढावा लागला.

विपुल तिथल्या बाकावर बसून रडला. मला कीव आली नाही. घरी येऊन त्याने मला साबणाने धुतले, पुसले आणि दारापाशी चांगल्या जागी ठेवले. आता ठेवले! अंगठ्याशिवाय पाऊल पुढे रेटता येत नाही. हौसाबाईंना मापाचे वेगळे बूट करून दिले आहेत, त्यात पुढे स्पंज भरलेला असतो. माझ्यात त्यांचा पाय आता डुगडुगतो. मी त्यांच्या कामाचा राहिलो नाही. नीट निवडलेली वस्तू अशी वाया जाते.

हौसाबाई विपुलला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याचाही मला राग येत होता. गेल्या महिन्यापर्यंत.

तो महोत्सवाचा व्हिडिओ पाहून जवळच्या तारोडी गावाहून एक कुटुंब आले. मुलीच्या लग्नात धवले हवे होते. मुलीची आई, मिनल, रीतसर ताट घेऊन आली होती. ताटात हिरवे लुगडे होते, नारळ होता, आणि कौतुकाने आणलेल्या उंच टाचेच्या चंदेरी चपला होत्या. विपुल दारात उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला.

हौसाबाईंनी लुगडे उचलून मांडीवर घेतले. नारळ कपाळाला लावला. मग दोन्ही चपला ताटातून काढून मिनलच्या हातात ठेवल्या.

"मान माझ्या गल्याला दे, बाय," त्या म्हणाल्या. "पायांचं मी बघीन."

मिनल क्षणभर गोंधळली. मग तिने चपला पिशवीत घातल्या आणि लग्नाची तारीख सांगितली. कोणी रागावले नाही, काही अशुभ झाले नाही. एवढे सोपे होते ते. एक अंगठा जाण्याआधीही ते इतकेच सोपे होते.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी पावसाळी मेळ्याला, जत्रेला, गाण्याला जाल. फोटोत पाय कसे दिसतील याचा विचार करणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही चिखल बघून पायताण निवडा, संध्याकाळी घालून बघा, आत हात घाला. आणि कोणी कितीही प्रेमाने, कितीही सजवलेल्या ताटातून काही दिले आणि ते आवळत असेल, तर "आवळतंय" म्हणा. मोठ्याने म्हणा. त्याने देणाऱ्याचा अपमान होत नाही. ज्यांना आवळलेले कळतच नाही अशी माणसे तुमच्या घरात असतील, तर त्यांच्या पायांकडे तुम्ही खाली वाकून बघा. रोज बघा. वाकायला फार वेळ लागत नाही.