आवाज येऊन राहिला का?

सुनावणीच्या दिवशी सकाळी धर्मेंद्रच्या कॉम्प्युटरमधून आवाजच येईना.

धर्मेंद्र नागपूरजवळ बेसाला आईवडिलांसोबत राहायचा आणि एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करायचा. त्याच्या आणि वैभवीच्या घटस्फोटाची आज शेवटची तारीख होती. दोघांच्या संमतीनंच चाललं होतं सगळं. वैभवी आता पुण्याला असायची, म्हणून वकीलबाईंनी दोघांसाठी व्हिडिओवरून हजर राहायची परवानगी घेतली होती. "आवाज मात्र तपासून ठेवा," त्यांनी बजावलं होतं. "ऐकू आलं नाही तर पुढची तारीख पडेल."

केस चालू आहे हे आईवडिलांना माहीत होतं. तारीख आज आहे, हे त्यानं सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरला दोन स्पीकर होते. वडील, ताराचंद, दुपारी त्यांच्यावर संत्र्याच्या बागांचे व्हिडिओ मोठ्यानं लावून बसायचे. कोर्टाचं बोलणं तसं घरभर जायला नको होतं. म्हणून त्यानं माइकवाला हेडफोन आणला होता. त्याला दोन पिना होत्या, एक हिरवी, एक गुलाबी.

त्यानं त्या आधी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला समोरच्या बाजूनं लावून पाहिल्या. काही नाही. मग मागच्या बाजूला वर लावल्या. तरी नाही. मग स्पीकरची पिन काढून दुसऱ्या जागी लावली, तर तेही गप्प झाले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. घाई होती, पण त्याला घाबरल्यासारखं काही होत नव्हतं. ऑफिसचा प्रिंटर अडकल्यावर जसा तो उभा राहायचा, तसाच आताही उभा होता. कित्येक महिने असंच चाललं होतं. जेवला तर चव लागायची, पण काय जेवलो ते संध्याकाळी आठवायचं नाही.

शेवटी त्यानं वैभवीला फोन लावला. दुसरं कोणाला विचारणार? कॉम्प्युटरमधलं वेगळं साउंड कार्ड तिनंच बसवलं होतं. ती शाळेच्या धड्यांचं रेकॉर्डिंग करायची, याच खोलीत, खिडकीला गोधडी लावून. मग पुण्याला स्टुडिओत काम मिळालं. त्याला नागपूर सोडवलं नाही, तिला परत यावंसं वाटलं नाही. भांडण असं कधी झालंच नव्हतं. नातेवाईक कारण विचारायचे तेव्हा सांगायचं काय, हाच प्रश्न पडायचा.

"बोला," ती म्हणाली.

"आवाज नाही येऊन राहिला कॉम्प्युटरचा."

"पिना कुठं लावल्या तुम्ही?"

"समोर लावून पाहिल्या."

"समोरचं बंद आहे. कार्ड बसवलं तेव्हा मीच तिथली वायर काढली होती. मांगं पाहा. पिना लावायच्या दोन जागा आहेत. एक वर, यूएसबीजवळ. दुसरी खाली, पत्र्याच्या पट्टीवर."

तो टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरला. फोन स्पीकरवर टाकून फरशीवर ठेवला. "हाव, दिसली."

"खालची माझ्या कार्डाची. हेडफोनच्या दोन्ही पिना तिथं लावा. हिरवी हिरव्यात, गुलाबी गुलाबीत. स्पीकरची पिन वर, हिरव्यात."

"स्पीकर कायले? आता तर हेडफोनच पाहिजे."

"बाबांना लागतात ना. एकदाच काय ते लावून टाका. मंग पिना काढा-घाला करायचं काम नाही. स्क्रीनवरूनच बदलता येते."

त्यानं लावलं. मग खुर्चीत बसून ती सांगेल तसं तसं करत गेला. खाली उजवीकडे स्पीकरचं चित्र, त्याच्या बाजूचा बाण. दोन नावं आली. तिनं कार्डाचं नाव निवडायला सांगितलं. माइकसाठीही तेच निवडायला लावलं.

"आता टेस्ट दाबा."

टिंग झालं. आधी डाव्या कानात, मग उजव्या.

"आला?"

"आला."

"माइकही पाहा बोलून. हिरवी पट्टी हलते का?"

"हॅलो," धर्मेंद्र म्हणाला. पट्टी हलली. "हलून राहिली वं."

हे जवळिकीचं 'वं' तोंडातून सवयीनं गेलं.

तेवढ्यात आई, सुभद्राबाई, दारात आली. हाताला पोळीचं पीठ. "कोनाशी बोलून राहिला गा?"

"वैभवीशी."

आईचा चेहरा एकदम उजळला. तिनं पदराला हात पुसले. "दे मले."

त्यानं फोन दिला. नाही कसं म्हणायचं, ते सुचलं नाही.

"कशी आहेस वं बाई? जेवतेस ना बराबर? आवाज बसल्यासारखा वाटून राहिला तुया." आई ऐकत राहिली, मान हलवत राहिली. "हाव, हाव. गुडघा तसाच आहे. अवं, येत जा ना एखांद्या वेळी. इथं काय कोनी खाते तुले?"

पलीकडून वैभवी काय म्हणाली ते धर्मेंद्रला ऐकू आलं नाही. आईनं फोन परत दिला आणि गुणगुणत स्वयंपाकघरात गेली. धर्मेंद्रनं दाराची कडी लावली.

"त्यांना सांगितलं नाही तुम्ही?" वैभवीनं विचारलं.

"नाही."

"सांगा आज." मग म्हणाली, "चला, लिंक उघडते मी."

स्क्रीनवर चौकोन आले. वकीलबाई, कोर्टातला कर्मचारी, न्यायाधीश मॅडम आणि एका चौकोनात वैभवी. तिच्यामागे पांढरी भिंत. केस तिनं कापले होते. दोघांनी आधार कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं.

"अर्ज तुम्ही स्वतःच्या इच्छेनं केलाय?" मॅडमनी विचारलं.

"हाव," धर्मेंद्र म्हणाला. मग लगेच, "हो, मॅडम."

"कोणाचा दबाव?"

"नाही."

"एकत्र राहण्याची काही शक्यता?"

आवाज इतका स्वच्छ होता, की मॅडम कागद उलटत होत्या तेही ऐकू येत होतं. प्रश्न कोणाला होता ते त्याला पटकन कळलं नाही. "नाही," वैभवी म्हणाली. मग तोही म्हणाला, "नाही."

मॅडमनी काही वाक्यं टाइप करायला सांगितली. अर्ज मंजूर झाला होता. आदेशाची प्रत वकिलांकडे मिळेल, असं कर्मचारी म्हणाला आणि त्यानं पुढच्या केसचं नाव पुकारलं. वैभवीनं कॅमेऱ्याकडे बघून मान हलवली. नमस्कार होता की नुसतं 'झालं' म्हणणं, हे कळायच्या आत तिचा चौकोन गेला.

तो हेडफोन घालून बसून राहिला. आता काहीतरी वाटेल, म्हणून त्यानं वाट पाहिली. कान गरम झाले होते, तेवढंच.

स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती. वडील पाटावर बसून मुळा खात होते. धर्मेंद्र उभ्या उभ्याच म्हणाला, "झालं आज."

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"कोर्टाचं. सुटलो दोघं."

आईचं लाटणं थांबलं. "आज? आता?" तिनं खोलीच्या दाराकडे पाहिलं. "आन् मी तिले म्हनलं, येत जा."

"हाव."

"ते काय म्हनली माहीत आहे तुले? हो म्हनली. येईन म्हनली." आईनं तव्यावरची पोळी उलटली. ती जळली होती. "तू आधी सांगितलं असतं तर मी बोललीच नसती. नाहीतर जास्त बोलली असती."

वडिलांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "पोरगी वाईट नव्हती."

"नव्हती," धर्मेंद्र म्हणाला.

आईनं गॅस बंद केला. "सांबार संपला आहे," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "जुडी घेऊन ये. जाय."

बेसा चौकात भाजीच्या गाड्यावर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओल्या जुड्या मांडल्या होत्या. भाजीवालीनं विचारलं, "किती देऊ, भाऊ?" त्यानं एक जुडी उचलली, हुंगली आणि तशीच हातात धरून ठेवली. मागून गाड्या हॉर्न देत जात होत्या. भाजीवालीनं पुन्हा विचारलं. बाजूची बाई त्याच्याकडे पाहायला लागली, तेव्हा त्याला कळलं, की आपले डोळे वाहत आहेत.

"एक," तो म्हणाला. "एकच द्या."