उजवं बटण नर्सबाईंचं

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत पिनबॉलची सहा टेबलं होती. दर रविवारी सकाळी दहाला तिथे स्पर्धा होई. खेळणारे आठ, तीन वर्षं तेच आठ. कोण कुठे चुकणार, हे तो चुकण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असे.

टेबलं मिस्त्रीची, लॉन्ड्री त्याच्या वहिनीची. एक दिवस वहिनीने सरळ सांगून टाकलं, "भाऊजी, चार नवी माणसं आणा. नुसती डोकावणारी नकोत, पुढच्या रविवारी परत येणारी हवीत. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही, तर खोलीत मी ड्रायर बसवते."

"चार काय, चौदा आणतो," म्हणत मिस्त्री जाहिरात लिहायला बसला. त्याचे सतरा नियम वहिनीने उभ्या उभ्या वाचले. "ही स्पर्धेची जाहिरात आहे की कोर्टाची नोटीस?"

तरी कपडे धुऊन होईपर्यंत बाकावर बसून कंटाळलेले तिघे आत आले. त्यात एक नर्सबाई होत्या. त्यांनी दांडा ओढून पोलादी गोळी सोडली. ती वर दोन ठिकाणी टणटणली आणि बटण दाबलं की गोळी वर उडवणाऱ्या दोन पात्यांच्या, म्हणजे फ्लिपरांच्या, मधून खाली गडप झाली. दुसरी तशीच. तिसरीही.

"संपलं?"

"संपलं."

"इंजेक्शन द्यायलासुद्धा मला याहून जास्त वेळ लागतो," म्हणून त्या बाकावर परत गेल्या. बाकीचे दोघेही त्यांच्या मागोमाग.

दोष टेबलांचा होता, आणि तो मिस्त्रीनेच हौसेने घातला होता. आठही जण पट्टीचे. साध्या टेबलावर एकेकाची गोळी अर्धा तास पडत नसे, म्हणून त्याने मागचे पाय उंच करून उतार वाढवला होता. उतार कमी करावा तर स्पर्धा संध्याकाळपर्यंत संपायची नाही. न करावा तर नवा माणूस टिकायचा नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

मंगळवारी तो फ्लिपर दुरुस्त करून बघत असताना वहिनी काखेत चादरींचं गाठोडं घेऊन आली. "बघू तरी, एवढं काय असतं यात," म्हणत तिने मोकळ्या हाताने उजवं बटण दाबलं. गोळी डावीकडे वळली.

"भाऊजी, तुमच्याकडे आली. दाबा की."

मिस्त्रीने डावं बटण दाबलं. गोळी उडाली, उजवीकडे उतरली, पुन्हा उडाली. त्याने दोनदा घाई केली, वहिनीने दोनदा झापलं. गोळी पडली तेव्हा गाठोडं जमिनीवर होतं आणि वहिनी हसत होती. या खोलीत तिला हसताना तो पहिल्यांदाच पाहत होता.

रविवारी सतरा नियमांच्या जागी एकच उरला: टेबलापाशी एक जुना, एक नवा, प्रत्येकाला एकच बटण. बाकावरून मिस्त्रीने सहा जण उठवून आणले, नर्सबाईंसकट. उरलेल्या दोन जुन्यांनी आपसात जोडी लावली, आणि सर्वांत जास्त भांडण त्यांचंच झालं.

"माझा उजवा हात काढून घेता?" सगळ्यांत वरचढ खेळणाऱ्या उस्तादने विचारलं.

"काढून घेत नाही. नर्सबाईंच्या स्वाधीन करतो."

पहिली गोळी एकट्याने वाचवायला जाऊन उस्तादने टेबलाला असा हिसका दिला की टिल्ट लागला: दिवे गेले, बटणं मेली, गोळी निमूट खाली.

"पेशंटला असं हलवतात का?" नर्सबाई म्हणाल्या. खोली खदखदून हसली. "माझ्याकडे आली की नुसतं 'आता' म्हणा. बाकी मी बघते."

उस्ताद 'आता, आता' म्हणत राहिला. दुसरी गोळी चार मिनिटं जगली.

महिन्याचा शेवटचा रविवार. वहिनी दारात हाताची घडी घालून उभी. जोडीने खेळून गेलेल्या सहा नव्यांपैकी निवृत्त बसचालक आले, दोघी जुळ्या बहिणी आल्या. तिघांच्याही हातात कपड्यांच्या पिशव्या.

"तीन," वहिनी म्हणाली. "तेही खेळायला आलेत की धुवायला, कोण जाणे."

दहा वाजून चार मिनिटांनी नर्सबाई आल्या, रिकाम्या हाताने.

"कपडे कुठायत?" वहिनीने विचारलं.

"कालच घरी धुऊन टाकले. म्हटलं, रविवार मोकळा हवा."

वहिनीने मिस्त्रीकडे बघितलं. "हद्द झाली, भाऊजी. माझंच गिऱ्हाईक फोडलंत." आणि ड्रायरवाल्याला नको म्हणून कळवायला ती फोनकडे वळली.

आतून उस्तादचा आवाज आला, "बाई, या लवकर. डावं बटण कधीचं खोळंबलंय."