भिंतीला विचारून सांगते

बोटीत बसल्यापासून तो माणूस माइक सोडायला तयार नव्हता. सहलीचा मार्गदर्शक म्हणून तो आमच्या वाट्याला आला होता आणि मी मनातल्या मनात त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं. उजवीकडे दीपस्तंभ, डावीकडे जुना किल्ला, समोर तोफांचं बेट. कुठल्या तोफेनं किती जहाजं बुडवली हे तो अशा खुशीत सांगत होता, जशी काही ती तोफ ह्याच्या मामानंच ओतली होती. मी कठडा धरून बसले होते. शेजारी काकू मात्र ताठ बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि जुन्या चादरीचा धुतलेला तुकडा.

तो तुकडा भिंतीसाठी होता.

काकू म्हणजे माझ्या वडिलांची वहिनी. काका लढाईवर गेले तेव्हा मी पाळण्यात होते, त्यामुळे मला ते फोटोपुरतेच माहीत. त्यांची तुकडी ह्यातल्या शेवटच्या, तोफांच्या बेटावर उतरली एवढं घरी कळलं, पुढे काही नाही. ना निरोप, ना सामान, ना देह. बेपत्ता, असं कळवलं गेलं. लढाई संपल्यावर त्या बेटावर स्मारक झालं: सापडलेल्यांची थडगी, एक लांबलचक दगडी भिंत आणि तिच्यावर, ज्यांचा कधी पत्ता लागला नाही अशांची नावं. काकांचं नाव तिथे आहे म्हणून काकू दर तीन-चार वर्षांनी तिथे जाते. आधी माझे वडील तिला न्यायचे, ते गेल्यापासून मी नेते.

"बेपत्ता म्हणजे गेलेला नव्हे," हे काकूचं ठरलेलं वाक्य. कुणी चुकून 'काका गेले' म्हटलं तर ती विचारायची, "तुला दिसले का जाताना?" ह्यावर बोलणार काय? लग्न झाल्यावर घेतलेलं तिसऱ्या मजल्यावरचं घर तिनं सोडलं नाही. टेलिफोन खात्यात नोकरी केली, जन्मभर लोकांना 'लाइन व्यस्त आहे, थांबा' असं सांगितलं, आणि स्वतःही थांबली. खालच्या स्टेशनरीच्या दुकानात तिनं घराची जादा किल्ली ठेवली होती. दुकानाचे मालक बदलले, पण प्रत्येक नव्या मालकाला ती किल्ली दाखवून बजावायची, "एक उंच गृहस्थ येतील. डाव्या भुवईवर खूण आहे. मी घरी नसले तर त्यांना द्यायची."

गेल्या हिवाळ्यात ती जिन्यात पडली. शेजारीण दूध आणायला बाहेर पडेपर्यंत तशीच पायरीवर पडून होती. तेव्हापासून मी तिच्या मागे लागले आहे की माझ्याकडे राहायला ये. माझ्याकडे तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, दिवसभर गाल धरून आलेल्या लोकांची बोलणी खाते, मग काकूचा भाजीपाला घेऊन तीन मजले चढते, तिचं आवरून परत उतरते आणि मग माझ्या घरची चूल. मी थकले आहे. असं म्हणायला मला लाज वाटत नाही. आईवर केली नसती एवढी माया मी काकूवर केली, पण मायेनं गुडघे दुखायचे थांबत नाहीत.

"ह्यांना विचारून सांगते," ती म्हणाली.

"म्हणजे भिंतीला?"

"भिंतीला म्हण हवं तर."

हे काही नवीन नव्हतं. फ्रिज घ्यायचा की नाही हेही तिनं एका खेपेला भिंतीला विचारलं होतं. भिंत म्हणाली, जरा थांब. तेव्हा फ्रिजच्या किमती आकाशाला भिडल्या होत्या, हे भिंतीला कसं कळलं देव जाणे. थट्टा सोडा, ह्या वेळी मीच तिकिटं काढली. माझी सगळी आशा त्या दगडावर होती. एकदाचं 'हो' म्हण रे बाबा, एवढंच माझं मागणं होतं.

दीपस्तंभाच्या बेटावर आम्ही उतरलोच नाही. किल्ल्यावर भोंग्यानं सगळ्यांना कोठड्या दाखवायला वर नेलं. आम्ही दोघी खाली तिकिटाच्या खिडकीच्या सावलीत बसलो. काकूनं चहा घेतला आणि तोंड वाकडं केलं. "पाक आहे नुसता. ह्यांना तर चालणारच नाही, ह्यांना गोड कमी लागतं." मी नुसती मान हलवली. अशा वाक्यांना मान हलवायची सवय मला लहानपणापासून आहे.

शेवटच्या बेटावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. धक्क्यापासून वर जाणारी वाट काकूनं माझ्या दंडाला धरून पार केली. दर वळणावर थांबायची आणि 'काही नाही, बघतेय नुसतं' म्हणायची. वर पोचल्यावर मात्र ती खरंच बघत राहिली.

"झाड कुठे गेलं गं, ठके?"

दरवेळी आम्ही ज्या झाडाखाली बसून डबा खायचो ते झाड नव्हतं. तिथे नवी कोरी स्वच्छतागृहं उभी होती, पांढऱ्या फरशांची. काकू जाऊन आली आणि पदरानं हात पुसत म्हणाली, "झाड तोडायला नको होतं. पण बरं झालं बांधलं. आपल्यासारख्या बायकांची केवढी अडचण व्हायची." मग पिशवीतून चादरीचा तुकडा काढून तिनं बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि भिंतीकडे निघाली.

काकांचं नाव कुठे आहे हे आम्हाला डोळे मिटून सापडलं असतं. पूर्वी ते काकूच्या खांद्याच्या उंचीवर होतं. ती वाकत गेली तसं ते वर जात जात आता तिच्या डोळ्यांसमोर आलं होतं. नावापुढे हुद्देही कोरले आहेत. काकांच्या वर एक तारायंत्र चालवणारा, खाली एक स्वयंपाकी. काकू त्यांचीही नावं पुसायची, शेजारधर्म म्हणून.

तिनं तारायंत्रवाल्याचं नाव पुसलं. फडकं खाली आणलं आणि तिचा हात थांबला.

"ठके, माझा चष्मा दे."

चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता. मी पुढे होऊन बघितलं. तारायंत्रवाला आणि स्वयंपाकी ह्यांच्या मधली पट्टी गुळगुळीत होती, बाकी दगडापेक्षा थोडी फिकट. नाव घासून काढलं होतं.

माझं डोकंच फिरलं. दिवसभराचं ऊन, भोंगा, तीन मजले, सगळं एकदम वर आलं. थडग्यांच्या ओळींमध्ये एक माणूस नळी धरून हिरवळीला पाणी घालत होता. तो तिथला राखणदार. मी तरातरा त्याच्याकडे गेले.

"नाव पुसायला कोणी सांगितलं तुम्हाला? एवढी मोठी भिंत आहे, एका माणसाची जागा जड झाली का? ती बाई म्हातारी आहे. दुसरं काही नाहीये तिच्याकडे!"

त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. नळ बंद केला, विजारीला हात पुसले आणि विचारलं, "कुठलं नाव?" मी सांगितलं. त्यावर तो माझ्या अंगावर खेकसला असता तर बरं झालं असतं. पण तो माझ्या आधी भिंतीकडे चालू लागला.

काकू तशीच उभी होती, त्या फिकट पट्टीवर हात ठेवून.

"मावशी," तो म्हणाला, "ह्या भिंतीवर फक्त सापडले नाहीत त्यांचीच नावं असतात. एखादा सापडला की त्याचं नाव भिंतीवरून काढायचं, असा इथला नियम आहे."

"सापडले?"

काकूचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती उजळली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं कपाळावरचे केस मागे सारले, पदर सारखा केला आणि आजूबाजूला बघितलं.

"कुठायत?"

राखणदारानं माझ्याकडे बघितलं. मी काही मदत करू शकले नाही.

"चला, दाखवतो," तो हलकेच म्हणाला आणि त्यानं काकूला हात दिला.

थडग्यांच्या शेवटच्या ओळीत एक दगड बाकीच्यांपेक्षा पांढरा होता. काका तिथे होते. नाव, हुद्दा, वय. चालता चालता राखणदार तुटक तुटक सांगत होता: पाया खणताना हाडं निघाली, गळ्यातला पत्र्याचा बिल्ला निघाला, बिल्ल्यावर नंबर होता, मग तपासण्या झाल्या. पत्त्यावर कळवलं होतं. अशा नावाची गल्लीच नाही म्हणून टपाल परत आलं. इथे मानवंदना देऊन पुरलं तेव्हा घरचं कुणी नव्हतं.

काकूच्या गल्लीचं नाव दोनदा बदललं. आधी एका पुढाऱ्याचं लागलं, मग दुसऱ्याचं. जुनं नाव माहीत असलेला पोस्टमन कधीच निवृत्त झाला.

"पण मी तिथेच होते," काकू म्हणाली. "मी कुठे गेलेच नाही."

काकू दगडावरचा वयाचा आकडा बोटानं चाचपत होती.

"सव्वीस. केवढासा होता गं, ठके. पोरगंच की."

ती खाली बसली. हिरवळ ओली होती, पण मी तिला उठवलं नाही. मग तिनं विचारलं, "पाया कसला खणत होतात?"

राखणदार घुटमळला. मग त्यानं मान वळवून पांढऱ्या फरशांकडे बोट केलं. "तिथे एक जुनं झाड होतं. त्याच्या मुळांत होते."

काकू तिकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. त्या झाडाखाली सतरंजी टाकून आम्ही डबा खाल्ला होता. वडील असताना, वडील गेल्यावर. जेवून काकू तिथेच आडवी व्हायची आणि म्हणायची, इथे छान झोप लागते.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," काकू म्हणाली आणि हसली. खरंच हसली, खांदे हलवून. मग ते हसणं कधी रडण्यात गेलं ते मला कळलं नाही, कारण तोवर मीही तिच्या शेजारी ओल्यात बसून रडत होते. ज्या काकांना मी पाहिलंही नव्हतं त्यांच्यासाठी नाही, तिच्यासाठी. आणि थोडी माझ्यासाठीही.

धक्क्यावरून माइकवर हाका सुरू झाल्या. राहिलेल्यांनी लवकर यावं, बोट सुटते आहे. मग भोंगा स्वतःच वर आला. आमच्याकडे बघितलं, नव्या दगडाकडे बघितलं, माइक खिशात घातला आणि "बोट थांबेल, सावकाश या," एवढं म्हणून खाली गेला. माणसाला नावं ठेवायची घाई करू नये.

काकूनं चादरीच्या तुकड्यानं तो दगड पुसला. तो स्वच्छच होता. मग मला म्हणाली, "चल, स्वयंपाक्याचं राहिलंय." आम्ही परत भिंतीकडे गेलो. तिनं स्वयंपाक्याचं नाव अक्षर न् अक्षर पुसलं. मधल्या पट्टीला तिनं हात लावला नाही. जाताना राखणदाराला म्हणाली, "ह्या दोघांकडे लक्ष ठेव रे बाबा. ह्यांचं कुणी येताना दिसत नाही."

आम्ही परतीच्या बोटीत बसलो. सकाळपासून ज्या उत्तरासाठी मी जीव टाकत होते ते आता विचारायची माझी हिंमत नव्हती. विचारायचं तरी कुणाला? भिंतीवर आता तिचं कुणी नव्हतं. काकू किनाऱ्याकडे बघत बसली होती. पिशवी पायाशी होती, पाठ वाकली होती. तिला अशी टेकून बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. बाई दमली होती, आणि हे दमणं काही आजचं नव्हतं.

"तुझ्या त्या खालच्या खोलीत ऊन येतं का गं?" तिनं विचारलं.

"सकाळचं येतं."

"पुरे तेवढं."

मी तिचा हात धरला. तो फडक्याच्या पाण्यानं अजून गार होता. किनारा जवळ आला, लोक सामान गोळा करायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "उद्या आधी दुकानातली किल्ली मागून घे. त्या दुकानदाराला तरी कशाला ताटकळत ठेवायचं?"