बाबांच्या तेवीस चुका

बाबा गेल्यानंतरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या आणि दहाव्या दिवशी पाद्री रेमिहिओंनी मला चर्चमध्ये बोलावून सांगितलं, "कासिल्दा, तुझ्या वडिलांच्या सोनाट्यात तेवीस चुका होत्या. सगळ्या काढल्या."

डोक्यातल्या उवा काढून दिल्यासारखा त्यांचा स्वर होता.

बाबा आमच्या कॅथेड्रलचे संगीतगुरू. गुरू वारला की त्याच्या रचना चर्चच्या. पाद्री त्यांची स्वच्छ नक्कल करतात आणि जुने कागद पुस्तकाच्या पुठ्ठ्यात भर म्हणून चिकटवले जातात. बांधणी शनिवारी होती. त्यानंतर बाबांचा सोनाटा उरणार तो पाद्रींनी धुऊन काढलेला.

मी तो तिथल्याच हार्पसिकॉर्डच्या पट्ट्यांवर वाजवून पाहिला. सगळे स्वर मठातल्या मुलींसारखे रांगेत. बाबांच्या डाव्या हातात ते जत्रेतल्यासारखे एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभे असायचे.

"त्या चुका नव्हत्या," मी म्हटलं.

"एका मुठीत सहा स्वर, त्यातले दोन एकमेकांचे वैरी. पट्ट्यांवरून मांजर गेलं तरी असं वाजत नाही."

"गिटार वाजते."

"मग गिटारवाल्याकडे जा, पोरी."

मी गेले. शुक्रवारी पाद्री दाढीला तादेओकाकांकडे असतात. न्हाव्याच्या दुकानात भिंतीवर गिटार असतेच. खोळंबलेलं गिऱ्हाईक ती काढून वाजवत बसतं. बाबांचे निम्मे सोनाटे तिथे पाळीची वाट बघताना सुचलेले.

पाद्री गळ्यापर्यंत कापडात, तोंडभर फेस. मी दारातूनच म्हटलं, "काका, दाढी भिजतेय तोवर नाचाचा एक फांदांगो होऊ द्या. बाबांना आवडायचा तो."

"तुझ्या बाबांना माझा वस्तरा सोडून इथलं सगळंच आवडायचं," म्हणत काकांनी गिटार घेतली. एक तार मोकळी सोडून त्यांनी सगळ्यांवरून नखं ओढली. तेच दोन वैरी, एकमेकांना ढकलत बाहेर आले.

पाद्रींनी बोलायला तोंड उघडलं आणि फेस आत गेला.

"बोलू नका पाद्री. शुक्रवार आहे, साबणाने उपास मोडेल," काका म्हणाले.

"काका, ती एक तार चुकतेय का?" मी विचारलं.

"चुकतेय? ती दाबली तर नाचणाऱ्यांनी घरी जाऊन झोपावं."

"पाद्री म्हणतात, चूक आहे."

"पाद्रींच्या पायाला विचार."

कापडाखालून बाहेर आलेला काळा बूट जमिनीवर ठेका धरत होता. पाद्रींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. त्यांनी तो थांबवला. मग दुसरा सुरू झाला.

शनिवारी, बांधणीवाला यायच्या आधी, त्यांनी मला नक्कल दाखवली. तेवीस जागी शाई खरवडून बाबांचे स्वर परत बसवले होते. आणि तेवीसही जागी समासात, सुरेख बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दिवंगत गुरूंनी असेच लिहिले आहे. नक्कलकार जबाबदार नाही.'

"चालेल ना?" त्यांनी विचारलं.

"चालेल."

बाबांनी हे आठवडाभर जेवताना म्हणून दाखवलं असतं. मी पहिल्या तीन जागा वाचल्या. चौथी नीट दिसेना. पाद्रींनी पान उलटून दिलं आणि बांधणीवाला आला का ते बघायला खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.